थेंबांचे परार्ध

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून सरळ पूर्वेकडे रेघ ओढली, तर दीडशे किलोमीटर पुरे व्हायच्या आत ती सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यात पोचते. इथे वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. सह्याद्रीवर ढग रिकामे होतात आणि पलीकडच्या माळरानाला त्यांची सावली मिळते. या माळावर, अकलूजजवळच्या मोटेवाडीत, युरोपीय जातींच्या द्राक्षांची वाइन तयार होते. माझ्या माहितीत महाराष्ट्रातली यापेक्षा नवलाची शेती नाही. तिचं नवल नीट कळतं ते आकड्यांतूनच.

पावसाचं माप आधी घेऊ. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एकरात ४,०४७ चौरस मीटर असतात. सोलापूरची सरासरी ५५० मिलिमीटर धरली, तर एका एकरावर आभाळातून वर्षाला सुमारे २२ लाख लिटर पाणी पडतं. ऐकायला भरपूर वाटतं. हा २२ लाखांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो वारंवार लागणार आहे.

मोटेवाडीला मी मामांना घेऊन गेलो होतो. मामा याच तालुक्यातले, ऊस उत्पादक आणि माळकरी. तुकोबांच्या पालखीचं रिंगण अकलूजला होतं तेव्हा घरचं काम सोडून तिथे उभे राहणारे. वाइनला ते हात लावणार नव्हते आणि मीही आग्रह केला नाही. "मी बाग बघायला येतो. बाकीचं तुझं तू बघ," एवढ्या करारावर ते आले. आत शिरल्याबरोबर त्यांनी बाग दाखवणाऱ्या पोराला पहिला प्रश्न विचारला, "एकरी वेली किती?"

फ्राटेली हे त्या वायनरीचं नाव. अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेच्ची बंधू अशा तीन घरांनी मिळून ती उभी केली. २००७ च्या सुमारास फ्रान्सहून सुमारे साडेतीन लाख रोपं आणली. टस्कनीत आयुष्यभर वाइन केलेले पिएरो मासी वाइनमेकर म्हणून आले. लागवड सुमारे २४० एकरांवर. म्हणजे मामांच्या प्रश्नाचं उत्तर: एकरी साडेचौदाशेच्या घरात.

साडेतीन लाख वेलींची छाटणी म्हणजे काय, याचा विचार करून पाहा. आपल्या हवेत द्राक्षाला वर्षातून दोनदा कात्री लागते. उन्हाळ्यात खरड छाटणी, पावसाळा ओसरताना फळछाटणी. साडेतीन लाखांच्या दोन छाटण्या म्हणजे सात लाख वेळा एक माणूस एका वेलीपुढे उभा राहतो, डोळे मोजतो आणि कुठे कापायचं ते ठरवतो. एका वेलीला पाच मिनिटं धरली, तरी ३५ लाख मिनिटं होतात. दिवसाचे आठ तास धरले, तर सात हजारांहून जास्त दिवसांची मजुरी झाली. बाटलीवर दाणे, जमीन आणि हवा यांचं कौतुक छापलेलं असतं. या हातांचंही छापायला हवं.

खायच्या द्राक्षात मणी फुगवायचा असतो, म्हणून विरळणी आणि डिपिंग, म्हणजे घड संजीवकात बुडवणं. वाइनच्या द्राक्षाला मणी लहानच हवा, कारण रंग आणि चव सालीत असते. ७५० मिलिलिटरच्या बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षं लागतात, म्हणजे सहाशे ते आठशे मणी. एका पेल्यात सव्वाशे-दीडशे मणी उतरलेले असतात. मामांनी वेलीवरचा एक मणी तोंडात टाकला आणि त्यांचा चेहरा उजळला. "आरं, हे तर आपल्या बेदाण्याच्या मालापेक्षा गोड हाय!" खरंच आहे. उत्तम पिकलेल्या वाइनच्या द्राक्षात लिटरभर रसामागे दोनशे ग्रॅमच्या वर साखर असते.

ती साखर खाणारे कामगार डोळ्यांना दिसत नाहीत. यीस्टची एक पेशी मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढी. रसात सुरुवातीला एका मिलिलिटरमागे दहा लाखांच्या आसपास पेशी सोडतात आणि भर आंबवण्याच्या काळात त्या दहा कोटींपर्यंत पोचतात. शंभरपट वाढ व्हायला किती वेळा दुप्पट व्हावं लागतं? फक्त सात वेळा.

दहा हजार लिटरची एक टाकी धरू. तिच्यात एक कोटी मिलिलिटर रस. प्रत्येक मिलिलिटरमध्ये दहा कोटी पेशी. गुणाकार केला की एकावर पंधरा शून्यं येतात. अशा संख्यांना आपल्याकडे नावं आहेत. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'लीलावती'त ती क्रमाने दिली आहेत: कोटीनंतर अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध. एकावर पंधरा शून्यं म्हणजे अंत्य. एका टाकीत एक अंत्य यीस्ट. या पेशी एकीला एक लावून ओळीत मांडल्या, तर ओळ ५० लाख किलोमीटर लांब होईल. पृथ्वीपासून चंद्रापर्यंत सहा वेळा जाऊन परत येऊनही ती उरेल. साडेआठशे वर्षांपूर्वीच्या गणितात ज्या संख्येला नाव होतं, ती माळशिरसच्या माळावर हंगामात टाकीटाकीतून तयार होते. हे कळल्यावर मला फार आनंद झाला होता आणि अजूनही होतो.

या पेशी साखरेची वाटणी जवळजवळ अर्धी-अर्धी करतात: निम्म्याचं अल्कोहोल, निम्म्याचा कार्बन डायऑक्साइड. एक लिटर रसातून पन्नास ते साठ लिटर वायू सुटतो. दहा हजार लिटरच्या टाकीतून पाच-सहा लाख लिटर. तो हवेपेक्षा जड, तळाशी साचणारा, म्हणून वायनरीत पंखे आणि झडपा यांना फार महत्त्व. हे ऐकल्यावर मामांनी दाखवणाऱ्या पोराला ज्वारीच्या पेवाची गोष्ट सांगितली. जुन्या काळी जमिनीखालच्या पेवात उतरण्याआधी कंदील सोडून बघत. कंदील विझला की कुणी उतरायचं नाही. पेवात ज्वारी श्वास घेते, टाकीत यीस्ट, वायू तोच. पोरानं ते लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणालं, "मामा, हे मी पुढच्या लोकांना सांगणार."

आता पाणी. मामा खरं म्हणजे त्यासाठीच आले होते.

वेलीला दिवसाला दहा लिटर धरू. साडेतीन लाख वेलींना रोज ३५ लाख लिटर लागतील. आकडा मोठा वाटतो ना? एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर. एवढ्या पाण्यात ही सगळी बाग रोज भिजवली, तर पाणी २२ वर्षं पुरतं. उजनी धरण पूर्ण भरलं की त्यात ११७ टीएमसी असतं, लीलावतीच्या भाषेत तीन महापद्म लिटरांहून जास्त. आणि उन्हाळ्यात उजनीच्या पाण्याची रोज सात मिलिमीटरची वाफ धरली, तर दर १०० चौरस किलोमीटर पाण्यावरून दिवसाला ७० कोटी लिटर उडून जातं. एका दिवसाच्या त्या वाफेत ही बाग दोनशे दिवस जगली असती.

"आणि माझा ऊस?" मामांनी विचारलं.

पाटाने भिजवलेल्या उसाला वर्षाला एकरी सुमारे एक कोटी लिटर पाणी लागतं. आभाळ देतं २२ लाख. म्हणजे उसाच्या प्रत्येक एकराला आणखी साडेतीन एकरांचा पाऊस कुठून तरी आणावा लागतो. दहा लिटरच्या हिशेबाने द्राक्षाची अडीचशे दिवसांची गरज एकरी ३६ लाख होते, उसाच्या जवळपास तिसरा हिस्सा. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पाटाचं ठीक हाय. पर ठिबकवर ऊस बी कमी पितो, ते पण लिव्ह." लिहिलं. ते खरं आहे आणि त्यांनी स्वतः करून दाखवलेलं आहे.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, ती याच जिल्ह्यातून, पंढरपूर-कुर्डुवाडीच्या मार्गाने. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली, तेव्हा एका खेपेला २५ लाख लिटर पाणी जाई. देशभर त्याची छायाचित्रं छापून आली. ते पाणी म्हणजे सोलापूरच्या एका एकरावर वर्षभरात पडणाऱ्या पावसाहून थोडंच जास्त. किंवा दहा गुंठे उसाचं वर्षाचं पाणी. पन्नास वाघिणी, दहा गुंठे. हा हिशेब प्रत्येक ग्रामसभेत मोठ्याने वाचायला हवा असं मला मनापासून वाटतं.

त्याच वर्षी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या बीअर आणि मद्याच्या कारखान्यांचं पाणी आधी निम्म्याने आणि मग साठ टक्क्यांनी तोडलं. माणसांना प्यायला नसताना ते योग्यच होतं. बीअरचा हिशेब या निमित्ताने सांगून टाकतो. पाण्याचा ठसा मोजण्याची पद्धत डच अभ्यासक आर्येन हुक्स्ट्रा यांनी २००२ मध्ये रूढ केली. त्यांच्या जागतिक सरासरीप्रमाणे पाव लिटर बीअरमागे सुमारे ७४ लिटर पाणी लागतं. त्यातलं बहुतेक बार्लीच्या शेतातलं. पुण्यात २००९ मध्ये दूलाली सुरू झाली, देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक. तिथे कढईसारख्या चकचकीत पात्रांपुढे उभं राहून मी हाच विचार करत होतो: पाणी या टाकीत कमीच आहे, खरं पाणी उत्तरेतल्या बार्लीच्या वावरात मुरलं.

वाइनचा ठसा सव्वाशे मिलिलिटरच्या पेल्यामागे सुमारे ११० लिटर. तेवढ्याच कॉफीमागे १३०. एक किलो साखरेमागे जवळपास १,८००, म्हणजे चहातल्या दोन चमच्यांना सतरा-अठरा लिटर. आणि ज्वारी? किलोला तीन हजार लिटर! हा आकडा पाहून ज्वारीला उधळी ठरवणारे लोक मी पाहिले आहेत आणि मला त्याचा राग येतो. ज्वारीच्या तीन हजारांतले नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी म्हणजे त्याच शेतात पडून जमिनीत मुरलेला पाऊस. मंगळवेढ्याची मालदांडी काळ्या रानात साठलेल्या ओलीवर उभी राहते. ते पाणी कुणी पंपाने उपसत नाही, कुणाच्या तोंडचं काढत नाही. आपल्याकडचं द्राक्ष मात्र पावसाळा संपल्यावर पिकतं. त्याचं जवळजवळ सगळं पाणी विहिरीतून, शेततळ्यातून, कालव्यातून येतं. म्हणून मी द्राक्षाला उसाच्या पुढे बसवतो, ज्वारीच्या पुढे नाही.

जगात याहून कोरड्या ठिकाणी द्राक्षं पिकतात. अर्जेंटिनातल्या मेंडोझाला वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस, बाकी पाणी अँडीजच्या बर्फाचं. इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटात शंभरच्या आसपास. तिथे दीड हजार वर्षांपूर्वीचे द्राक्ष चिरडायचे दगडी हौद आजही दिसतात. आणि चीनमधल्या तुर्फानला १६ मिलिमीटर. सोलापूरच्या चौतिसाव्या हिश्श्याचा पाऊस! तरी तुर्फान बेदाण्यासाठी नावाजलेलं आहे, कारण तिथल्या लोकांनी डोंगराचं पाणी आणायला जमिनीखालून कालवे खोदले, सगळे मिळून सुमारे पाच हजार किलोमीटरचे. या गावांच्या मानाने आपण पाण्यात श्रीमंत आहोत. श्रीमंतीचं काय करायचं तेवढं ठरवायचं आहे.

वाइनने सोलापूरचा ऊस हटेल, असं मात्र मी म्हणणार नाही. फ्रान्समध्ये माणशी वर्षाला चाळीस लिटरच्या आसपास वाइन पितात, आपल्याकडे सरासरी काही चमचे. महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, कर सवलती दिल्या, तरी सोलापूरची बहुतेक द्राक्षं आजही खाण्यासाठी आणि बेदाण्यासाठीच जातात. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका आणि शरद सीडलेस यांसारखे वाण याच कोरड्या रानात निवडून काढले. जिल्ह्याचं द्राक्षाचं ज्ञान तिथून आलेलं आहे. वायनरी त्या मोठ्या झाडाची एक फांदी आहे. तिचा खरा उपयोग असा की थेंब मोजून केलेली शेती किती किमतीचा माल देऊ शकते हे ती सगळ्यांना दाखवते.

निघताना मामा ठिबकच्या नळीजवळ वाकले आणि एक थेंब बोटावर घेतला. मिलिलिटरच्या विसाव्या भागाएवढा थेंब. त्यात पाण्याचे रेणू किती, ते मी त्यांना परतीच्या वाटेवर सांगितलं: साडेसोळा हजार परार्धांहून जास्त. 'लीलावती'तली शेवटची संख्या, तीही हजारो वेळा, एका थेंबात. "मग सांडू कसा द्यायचा?" मामा म्हणाले.

तुम्ही जाणार असाल तर जानेवारी ते मार्चमध्ये जा, तेव्हा तोडणी चालू असते आणि टाक्या भरलेल्या असतात. बरोबर घरातला एखादा जुना शेतकरी न्या, माळकरी असला तर अधिक चांगलं. आणि कुठल्याही पिकाच्या पाण्याचा आकडा कुणी सांगितला, तर दोनच गोष्टी विचारा: एकरी किती, आणि पावसाचं की उपशाचं?