शाळेच्या वेळची पोटदुखी

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की माझ्याकडे ३ ते ५ वर्षांची काही मुले पोटदुखीची तक्रार घेऊन येतात. ताप नाही, जुलाब नाहीत. कोठे दुखते असे विचारले तर मूल बेंबीवर बोट ठेवते. दुखणे नेमके शाळेच्या वेळेला, रविवारी मात्र नाही. पालक म्हणतात, "नाटक करतो." परंतु मूल खोटे बोलत नसते. मनावर ताण आला की त्याचा परिणाम आतड्यांवर होतो आणि पोट खरोखरच दुखते. मात्र रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, वारंवार उलट्या किंवा वजन घटणे ही लक्षणे असतील, तर डॉक्टरांना दाखवावे.

या पोटदुखीमागे पुष्कळदा बालवाडीतले चिडवणे असते. "जाड्या", "बोबड्या", "काळू" असे रोज ऐकावे लागले की मूल कोमेजते. या वयात मनातले नीट सांगता येत नाही. मग बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते, डबा तसाच परत येतो, मूल आईचा पदर सोडत नाही. खेळण्यावरून एखाद्या दिवशी झालेली ओढाताण स्वाभाविक आहे. पण एकाच मुलाला रोज लक्ष्य केले जात असेल, तर मोठ्यांनी लक्ष घातलेच पाहिजे.

मुलाची उलटतपासणी करू नका. "आज डबा खाताना शेजारी कोण बसलं होतं?" असे सहज विचारा. "तूही दोन ठेवून दे" हा सल्ला टाळा. त्याने मारामारी वाढते आणि अशक्त मूल अधिकच घाबरते. "रडूबाई" म्हणून हिणवू तर मुळीच नका. त्याऐवजी तीन गोष्टी शिकवा : ताठ उभे राहून मोठ्याने "मला असं म्हणायचं नाही" म्हणणे, तेथून दूर जाणे आणि बाईंना सांगणे. बाहुल्या घेऊन याचा घरी खेळ खेळा. बाईंना सांगणे म्हणजे चहाडी नव्हे, हेही समजावा.

शाळा सुटल्यावर बाईंना शांतपणे भेटा. काय घडते, केव्हा घडते, ते सांगा. समोरच्या मुलाच्या आईवडिलांशी फाटकाशी भांडून काही साधत नाही. वर्गातल्या एखाद्या मुलाला सुट्टीच्या दिवशी घरी खेळायला बोलवा. एक जरी मित्र जोडला गेला तरी मुलाला मोठा धीर येतो.

बोबडेपणावरून चिडवत असतील आणि ४ वर्षे पूर्ण होऊनही परक्या माणसाला मुलाचे बोलणे समजत नसेल, तर आधी कान तपासून घ्यावेत. अंगावर वळ किंवा जखमा दिसल्या तर मात्र त्याच दिवशी शाळेत जा.

आणखी एक. चिडवणारे मूलही लहानच असते. हे शब्द त्याने कोठून तरी उचललेले असतात. शेजारच्या मुलीला आपण लाडाने "काळुंद्री" म्हणतो, पाहुण्यांसमोर कोणाच्या तरी पोटावरून हसतो, तेव्हा ते ऐकत असते. म्हणून तक्रार आपल्या मुलाविरुद्ध आली, तर त्याला बदडू नका. "असं म्हटलं की तिला वाईट वाटतं" हे त्याला जवळ घेऊन सांगा आणि घरातली नावे ठेवण्याची सवय आधी आपण मोठ्यांनी सोडा.