घरच्या घरी फळांचे सॉर्बे

उन्हाळ्यात अनेक घरांच्या फ्रीजमध्ये आमरसाचा एखादा डबा असतोच. पाहुणे अपेक्षेपेक्षा कमी आले किंवा पेटीतील सारे आंबे एकदमच पिकले, की उरलेला रस फ्रीजरमध्ये जातो आणि दुसऱ्या दिवशी त्याचा दगड झालेला आढळतो. चमचा वाकतो, पण रस काही निघत नाही. याच रसापासून चमच्याने सहज खरवडता येणारे, जिभेवर विरघळणारे सॉर्बे तयार होऊ शकते. त्यासाठी आइस्क्रीमचे यंत्र मुळीच लागत नाही. रसाचा दगड का होतो, एवढे समजून घेणे मात्र आवश्यक आहे.

सॉर्बे म्हणजे फळाचा रस अथवा गर, साखर आणि पाणी यांचे गोठवलेले मिश्रण. त्यात दूध नाही, साय नाही. नाव परदेशी वाटले तरी नाते जवळचे आहे. ‘पिणे’ या अर्थाच्या अरबी धातूपासून आलेला ‘शरबत’ हा शब्द तुर्कीमार्गे इटलीत ‘सोर्बेत्तो’ झाला आणि फ्रान्समध्ये ‘सॉर्बे’. आपले सरबत त्याच कुळातले.

शुद्ध पाणी ० अंश सेल्सिअसला गोठते. साखर विरघळलेल्या रसाची गोष्ट निराळी. त्यातील काही पाणी प्रथम बर्फ होऊन बाजूला पडते. उरलेला पाक त्यामुळे अधिकाधिक दाट होत जातो आणि जितका दाट, तितका तो गोठण्यास नाखूश. घरगुती फ्रीजरचे तापमान साधारणपणे उणे १८ अंश असते. तेवढ्या थंडीतही बर्फाच्या कणांमध्ये थोडा पाक द्रवरूपातच राहतो आणि हाच पाक सॉर्बेला मऊपणा देतो. साखर कमी पडली तर दगड, फार झाली तर कधीच न गोठणारी लापशी. फळाची अंगची साखर धरून एकूण मिश्रणाच्या वजनाच्या सुमारे पाव भाग किंवा त्याहून किंचित अधिक साखर असावी.

येथेच बहुतेकांची चूक होते. ‘आंबा गोडच आहे’ म्हणून साखर वगळली जाते, किंवा मधुमेही सदस्यासाठी कृत्रिम गोडीची पूड वापरली जाते. ती पूड चिमूटभरच पडते. गोडी येते, पण पाणी गोठण्याचे तापमान खाली येत नाही आणि हाती पुन्हा दगडच लागतो. सॉर्बेत साखर केवळ गोडीसाठी नसते. ज्यांना साखर वर्ज्य आहे, त्यांना नुसते थंडगार फळ देणे अधिक प्रामाणिकपणाचे.

हापूसच्या अर्धा किलो रसाला १०० ग्रॅम साखर, १०० मिलिलिटर पाणी आणि एका लिंबाचा रस पुरतो. साखर पाण्यात गरम करून पूर्ण विरघळवावी, पाक निवल्यावरच रसात मिसळावा. कलिंगड पाणीदार आणि कमी साखरेचे असल्याने अर्धा लिटर गाळलेल्या रसाला १४० ग्रॅम साखर घालावी. वेगळे पाणी नको. नागपुरी संत्र्याला १३० ग्रॅम. लिंबाचे करायचे तर १०० मिलिलिटर रस, ४०० मिलिलिटर पाणी आणि २०० ग्रॅम साखर. पेरू आणि आंबा यांच्या गरात दाटपणा मुळातच असल्याने त्यांचे सॉर्बे लवकर साधते; कलिंगडाचे थोडे खरखरीत होते, हे आधीच मान्य करावे. बदलीच्या निमित्ताने मुजफ्फरपूरला असणाऱ्यांना लिची मिळेल, दिल्लीत फालसा. गोड फळाला आंब्याचे प्रमाण, पाणीदार फळाला कलिंगडाचे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

पातळ रसातील साखर तपासण्याची एक जुनी युक्ती आहे. धुतलेले ताजे अंडे कवचासह रसात सोडावे. रुपयाच्या नाण्याएवढा भाग वर दिसला की प्रमाण जमले. अंडे बुडाले तर साखर वाढवावी, फार वर आले तर पाणी. ज्या घरात अंडे येत नाही, तेथे जिभेवर विसंबावे. थंडीत गोडी कमी जाणवते, म्हणून गोठवण्यापूर्वीचे मिश्रण किंचित जास्त गोड लागले पाहिजे.

आता गोठवणे. मिश्रण आधी फ्रीजमध्ये चांगले गार करावे, मग पसरट स्टीलच्या डब्यात दोन-तीन सेंटिमीटर उंचीपर्यंत ओतून फ्रीजरमध्ये ठेवावे. पाऊण-एक तासाने कडा गोठू लागतात. त्या काट्याने खरवडून मधल्या पातळ भागात मिसळाव्यात. दर अर्ध्या तासाने असे तीन-चार वेळा करावे. न ढवळता ठेवलेल्या मिश्रणात बर्फाचे स्फटिक मोठे होत जातात. काटा त्यांना मोडतो. शेवटी सारे मिक्सरमधून थांबून थांबून, काही क्षणच फिरवावे (जास्त फिरवल्यास भांडे तापून मिश्रण वितळते) आणि झाकणाच्या डब्यात दोन-तीन तास ठेवावे. एवढा वेळ घरी नसणाऱ्यांनी मिश्रण बर्फाच्या ट्रेमध्ये रात्रभर गोठवावे आणि सकाळी ते खडे मिक्सरमधून काढावेत.

वीज गेली तरी अडत नाही. लाकडी पॉटमधील आइस्क्रीम ज्यांनी बालपणी आळीपाळीने फिरवले, त्यांना ही रीत सांगायला नको. बादलीत तीन भाग फोडलेला बर्फ आणि एक भाग खडे मीठ थरांनी भरावे, मधोमध घट्ट झाकणाचा उभा स्टीलचा डबा ठेवून तो हाताने सतत फिरवत राहावा. मीठ बर्फाला वितळवते. वितळण्यासाठी लागणारी उष्णता डब्यातील रसातून ओढली जाते आणि बादलीचे तापमान उणे २० अंशांच्या आसपास उतरू शकते. पाच-सात मिनिटांनी झाकण उघडून कडा खरवडाव्यात. साधारण पाऊण तासात सॉर्बे धरते. झाकण उघडण्यापूर्वी ते पुसून घ्यावे, अन्यथा खारट थेंब आत पडतो आणि सारी मेहनत वाया जाते. हा बर्फ पोटात जायचा नसल्याने लादीचाही चालतो. उरलेले खारे पाणी कुंड्यांना घालू नये. विजेविना थंडी मिळवण्याची हौस अर्थात जुनी आहे. अकबराच्या दरबारात सोऱ्याच्या साहाय्याने पाणी गार करीत, याचे वर्णन ‘आईन-इ-अकबरी’त आहे.

तयार सॉर्बे आठवड्याभरात संपवावे, कारण दिवसागणिक स्फटिक वाढत जातात. वाढण्यापूर्वी डबा दहा मिनिटे फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा. तरीही कडक लागल्यास तुकडे करून पुन्हा मिक्सरमधून काढता येते. आणि वाढून ठेवलेले वितळलेच, तर त्यात गार पाणी व चिमूटभर मीठ घालून लगेच सरबत म्हणून प्यावे.