त्वचेवरील काळा डाग : रक्त गोठण्याचा एक दुर्मिळ विकार

भंडारा जिल्ह्यांतील धानाच्या बांध्यांना माजी मालगुजारी तलावांचें पाणी पाटांतून मिळतें. पाट फुटला, म्हणजे शेतकरी मातीनें भगदाड बुजवितो; परंतु माती पाटांतच पडत राहिली, तर पुढचें धान वाळून जातें. रक्ताचेंही तसेंच आहे. जखम झाली असतां तें गोठावें, हें इष्ट. पण तें गोठणें जखमेपुरतेंच राहावें, अशीही योजना शरीरांत असते. त्या योजनेंतील एक प्रमुख द्रव्य म्हणजे ‘प्रोटीन सी’. तें यकृतांत ‘के’ जीवनसत्त्वाच्या साहाय्यानें तयार होतें. स्वीडनमधील शास्त्रज्ञ स्टेन्फ्लो यांनीं १९७६ सालीं त्याचें वर्णन केलें.

आई व वडील या दोघांकडूनही ज्या मुलास सदोष जनुक मिळतें, त्याच्या रक्तांत हें द्रव्य जवळजवळ नसतें. मग जन्मानंतर कांहीं तासांत वा दिवसांतच सूक्ष्म रक्तवाहिन्या गुठळ्यांनीं बंद होतात, आणि त्वचा जागच्या जागीं मरूं लागते. या अवस्थेस ‘पर्प्युरा फल्मिनन्स’ म्हणतात.

हा डाग मुक्या माराचा समजला, तर घात होतो. मुक्या माराचा डाग दिवसागणिक हिरवट, पिवळट होत फिका पडतो. हा मात्र तासातासानें पसरतो, आणि त्याचा मध्य काळा पडतो. रक्त तपासलें असतां प्लेटलेट्स व फायब्रिनोजेन घटलेले आणि डी-डायमर वाढलेलें आढळतें. मेनिंगोकोकससारख्या जंतूंच्या तीव्र संसर्गांतही हेंच चित्र दिसतें. म्हणून जंतुपरीक्षेसाठीं रक्त घेऊन प्रतिजैविकें तत्काळ सुरू करावीं लागतात.

या विकारावर निरोगी दात्याचा रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा, किंवा शुद्ध केलेलें प्रोटीन सी देतात. परंतु प्लाझ्मांत हें द्रव्य असल्यामुळें तो दिल्यावर मूळचें न्यून झांकलें जातें. यास्तव तपासणीचें रक्त आधींच काढून ठेवणें अगत्याचें असतें. नवजात बालकांत हें द्रव्य स्वभावतःच कमी असतें. त्यामुळें आईवडिलांचेंही रक्त तपासावें लागतें.

प्रौढांत क्वचित् असाच प्रकार वॉरफॅरिन सुरू केल्यावर तिसऱ्या ते पांचव्या दिवसाच्या सुमारास घडतो. या औषधानें रक्त गोठविणाऱ्या बहुतेक द्रव्यांच्या आधीं प्रोटीन सीच घटतें.

भंडारा जिल्ह्यास सिकलसेल अपरिचित नाहीं. दोन्ही पालक वाहक असतां प्रत्येक अपत्यास रोगाचा संभव चारांत एक, हा त्याचा नियम येथेंही लागू पडतो. मात्र सिकलसेलची चाचणी हिमोग्लोबिनची असते. ती निर्दोष आली, म्हणून प्रोटीन सी निर्दोष ठरत नाहीं.

तुमसर वा लाखांदूरकडील गांवांतून असें मूल रुग्णालयांत न्यावयाचें झाल्यास डागाच्या कडेवर पेनानें रेघ ओढावी व वेळ लिहून ठेवावी. घरांत पूर्वीं एखादें तान्हें मूल असेंच दगावलें होतें काय, आईवडील परस्परांचे नातलग आहेत काय, हेंही डॉक्टरांना न विचारतां सांगावें. निदानाची निम्मी वाट तेथेंच सरते.