भास दारूचे की गोळीचे?

दारू सुटून महिना-दीड महिना झालेला माणूस एकाएकी 'शेजारी माझ्यावर पाळत ठेवतात' म्हणू लागला, रात्रभर येरझाऱ्या घालू लागला, की अमळनेरकडच्या खेड्यांत दोनच तर्क होतात: चोरून पुन्हा प्यायला, नाहीतर बाहेरची बाधा झाली. मग भांडण होतं किंवा भगत गाठला जातो. तिसरी शक्यता दारू सोडवण्यासाठी दिलेल्या त्याच्या औषधाची असते. ती कुणी विचारातच घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

हे औषध म्हणजे डायसल्फिराम. मूळचं रबर उद्योगातलं रसायन. याच जातीच्या रसायनात काम करणाऱ्या कामगारांना दारू सोसत नाही, हे 1937 मध्ये अमेरिकेतल्या एका कारखान्याच्या डॉक्टरांनी नोंदवलं. पुढे कोपनहेगनच्या येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन यांनी जंतांवरचं औषध म्हणून ते स्वतः घेऊन पाहिलं आणि दारूशी त्याचं वैर त्यांच्या ध्यानात आलं. 1948 मध्ये त्यांचं संशोधन प्रसिद्ध झालं. दारूपासून शरीरात तयार होणाऱ्या ॲसिटाल्डिहाइडचा निचरा करणारं विकर ही गोळी बंद पाडते. घोट घेतला की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. रक्तदाब कोसळून जीवही जाऊ शकतो.

पण गोळी तेवढ्यावर थांबत नाही. मेंदूत डोपामिनपासून नॉरॲड्रेनलिन बनवणारं एक विकर आहे आणि ते तांब्याशिवाय चालत नाही. डायसल्फिरामपासून शरीरात बनणारा पदार्थ हे तांबंच पकडून ठेवतो. डोपामिन साचतं. काहींना त्यातून संशय, भास, उन्माद जडतो. काहींना उदासी येते, विस्मरण होतं. पूर्वी दिवसाला एक ग्रॅमहून जास्त औषध देत, तेव्हा असे रुग्ण बरेच दिसत. आता साधारण 250 मिलिग्रॅम देतात, त्यामुळे प्रमाण घटलं आहे. घरात कुणाला मनोविकार असेल तर मात्र डॉक्टरांना आधीच सांगायला हवं.

आपल्याकडे आणखी एक धोका आहे. आव पडली की मेट्रोनिडाझोल सर्रास घेतलं जातं. डायसल्फिरामसोबत ते घेतल्याने काही रुग्णांना वेडाचे झटके आल्याचं 1969 मध्येच प्रसिद्ध झालं आहे. आवेचं औषध देणाऱ्याला दारूच्या गोळीचा पत्ता नसतो, कारण घरचे लाजेने सांगत नाहीत. कधी तर खुद्द रुग्णालाच पत्ता नसतो: बायको किंवा आई भाजीत गोळी कुस्करून घालते. तिची अगतिकता मला कळते, पण हे कधीही करू नये. त्या माणसाने बाहेर पेग मारला तर जिवावर बेतेल. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असर राहतो. द्राक्षासव किंवा खोकल्याचं औषधही त्यातल्या मद्यार्कामुळे त्रास देऊ शकतं.

भास कधी सुरू झाले हे नीट आठवा. दारू सोडल्यावर दोन-चार दिवसांतच थरकाप, घाम, भास झाले तर तो दारू तुटल्याचा आघात असतो. तातडीने दवाखाना गाठावा. काही आठवड्यांनी झाले तर गोळीचा संशय घ्यावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. धुळे आणि जळगाव, दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 क्रमांकही मोफत आहे. चालू असलेली सगळी औषधं सोबत न्यावीत. गोळी बंद केल्यावर हे भास बहुधा काही दिवसांत ओसरतात. त्यानंतर यकृत आणि मूत्रपिंड तपासून डॉक्टर डायसल्फिरामऐवजी नाल्ट्रेक्सोन किंवा ॲकॅम्प्रोसेट देऊ शकतात. तेव्हाही मन खचलेलं दिसलं किंवा मरणाची भाषा कानावर आली तर लगेच कळवावं.