ओझं वेगळं, व्यायाम वेगळा

बंगळूरच्या यशवंतपूर बाजार समितीत महाराष्ट्रातून कांद्याचे ट्रक येतात. पाठीवर गोणी घेऊन वाकून चालणारे हमाल रोज पाहिले की वजन म्हणजे शरीराची झीज, हे मनात पक्कं बसतं. मग तेरा वर्षांच्या पोराने जिमचा हट्ट धरला की घरातून पहिलं वाक्य येतं, "उंची खुंटेल हं!" ही भीती कितपत खरी?

गैरसमज : वजन उचललं की उंची खुंटते.

वस्तुस्थिती : वाढत्या हाडांच्या टोकांशी कूर्चेचा थर असतो, त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. तिला गंभीर इजा झाली तर वाढ बिघडू शकते, हे खरं. पण जाणकाराच्या देखरेखीखाली, नीट पद्धतीने केलेल्या सरावाने उंची खुंटल्याचा पुरावा नाही. उंचावरून उडी मारताना त्याच हाडांवर शरीराच्या वजनाच्या कैकपट भार येतो, तरी खेळायला कुणी मना करत नाही. अर्धपोटी राहून दिवसभर ओझी वाहणाऱ्या मुलांची गोष्ट वेगळी. तिथे उपासमार आणि अतिश्रम वाढीच्या मुळावर येतात. वेटलिफ्टर ठेंगणे दिसतात, कारण आखूड हातापायांना बार वर न्यायला अंतर कमी पडतं. असे खेळाडू या खेळात टिकतात, खेळ त्यांना ठेंगणं करत नाही.

गैरसमज : आधी अठरा पूर्ण होऊ द्या.

वस्तुस्थिती : तोल सांभाळण्याची क्षमता साधारण सात-आठ वर्षांपर्यंत येते. सांगितलेलं समजून तसं करता येत असेल, तर तेव्हापासून हलका सराव चालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीनुसार 5 ते 17 वयाच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं अंगमेहनत करावी आणि आठवड्यातून किमान 3 दिवस स्नायू-हाडं बळकट करणारे व्यायाम करावेत. आपल्या तालमीतले जोर-बैठका आणि मल्लखांब दुसरं काय करतात? तिथे मूल स्वतःचंच वजन उचलतं. वयात येण्याआधी दंड फुगत नाहीत. ताकद वाढते ती मेंदू आणि स्नायू यांचा मेळ सुधारल्याने.

गैरसमज : हा मुलींचा प्रांत नव्हे.

वस्तुस्थिती : वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने 2022 मध्ये ग्रीसमधल्या हेराक्लिओनला 45 किलो गटात स्नॅचमध्ये 70 आणि क्लीन अँड जर्कमध्ये 83, असे एकूण 153 किलो उचलले. वेटलिफ्टिंगच्या ज्युनिअर जागतिक स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय ठरली.

गैरसमज : म्हणजे धोका काहीच नाही.

वस्तुस्थिती : आहे, आणि तो कुठे आहे हे ठाऊक हवं. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या तेव्हा 8 ते 13 वयोगटातल्या सुमारे दोनतृतीयांश इजा हातापायांच्या निघाल्या. कारणं साधी : डंबेल पायावर पडलं, बोट चिमटलं. दुसरा धोका ताकदीच्या टोकाला असतो. सांगलीच्या संकेत सरगरने 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 248 किलो उचलून रौप्य मिळवलं, पण क्लीन अँड जर्कच्या पुढच्या प्रयत्नांत त्याच्या कोपराला दुखापत झाली. शरीर घडवायला आलेल्या मुलाला त्या टोकाला जायची गरजच नाही. वजनांचा सराव आठवड्यातून 2-3 दिवस, मध्ये विश्रांती. आधी पद्धत, मग वजन, तेही एका वेळी दहा टक्क्यांच्या आत वाढवायचं. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा फिट्स असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

गैरसमज : पावडरशिवाय अंगाला लागत नाही.

वस्तुस्थिती : डाळ, उसळ, दूध, अंडी पुरेशी मिळाली तर मुलांना डबा विकत घ्यावा लागत नाही. अॅनाबॉलिक स्टिरॉइड मात्र ग्रोथ प्लेट वेळेआधी बंद करू शकतात. उंची खुंटायची ती अशाने.

जिमची फी भरण्याआधी पहिल्या दिवशी काय शिकवतात, ते पाहून या. मुलाच्या हाती थेट वजन देणाऱ्या प्रशिक्षकाला नमस्कार करून परत फिरा. साधी काठी देऊन बसायला-उठायला लावणारा भेटला, तर तिथेच फी भरा.