शाळेतला मसावि आणि ३५ आकडी बाकी

"तू नेमकं करतेस काय?" डोंबिवलीतल्या प्रत्येक हळदीकुंकवाला मला हा प्रश्न येतो. "कॉम्प्युटरला बीजगणित लवकर करायला शिकवते" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "त्याला उशीर कशाला होतो?"

शाळेतला मसावि आठवा. मोठ्या संख्येला लहान संख्येने भागायचं, मग लहान संख्येला बाकीने, असं बाकी शून्य येईपर्यंत. युक्लिडची ही रीत बहुपदींनाही चालते. अपूर्णांक सोपे करणं असो की अवयव पाडणं, कॉम्प्युटर अल्जिब्रा सिस्टिमला मसावि पावलोपावली लागतो.

गोम आहे सहगुणकांत. डोनाल्ड कनूथ यांच्या पुस्तकातलं प्रसिद्ध उदाहरण घ्या. एक बहुपदी आठव्या घाताची, दुसरी सहाव्या, सगळ्यात मोठा सहगुणक २१. अपूर्णांक टाळून पूर्णांकांतच भागत गेलात, तर शेवटची बाकी येते चक्क ३५ आकडी! आणि मसावि? १. दोघींत सामाईक काहीच नाही, एवढंच सांगायला हा पसारा. चलं तीन-चार झाली की विचारूच नका. माझा एक प्रोग्राम रात्रभर चालला आणि मेमरी संपून पहाटे मेला.

यावरचा उपाय तुम्ही रोज वापरता. मोबाइलवर १८:३२ दिसलं तरी आपण 'सहा-बत्तीसची कल्याण' म्हणतो. १२ काढून टाकायचे, बाकी ठेवायची. तसंच प्रत्येक सहगुणकाला एखाद्या मूळ संख्येने, समजा १३ ने, भागून फक्त बाकी ठेवा. २१ चे ८ होतात, −५ चेही ८. आता कुठलाही आकडा १२ च्या वर जाणारच नाही. वरच्या उदाहरणात १३ च्या हिशोबातही मसावि १ च येतो. खरा सामाईक अवयव असता तर तो इथेही दिसला असता (सर्वोच्च घाताचा सहगुणक शून्य होत नाही ना, एवढं बघायचं). काम झालं.

पण १३ दगाही देते. क्ष − १ आणि क्ष + १२ वेगळ्या आहेत. १३ च्या हिशोबात मात्र जुळ्या बहिणी! म्हणून अनेक मूळ संख्या घ्यायच्या, ज्यांचा मसावि इतरांपेक्षा जास्त घाताचा येईल त्या फेकायच्या आणि उरलेल्यांच्या बाक्यांवरून खरे सहगुणक जुळवायचे. ११ ने भागून ४ उरतात, १३ ने भागून ८. १४३ पेक्षा लहान अशी संख्या एकच, १२५. याला चिनी शेष प्रमेय म्हणतात, पण असे प्रश्न सोडवणारं 'कुट्टक' भास्कराचार्यांच्या लीलावतीतही (इ. स. ११५०) आहे. मी त्याची लेकच म्हणायची.

शेवटी जुळवलेल्या मसाविने मूळ बहुपदींना खरंच भाग जातो का, ते तपासायचं. वेळ वाचवायला मी एकदा ही पायरी गाळली. प्रोग्राम असा पळाला की डोंबिवलीला गाडीत चढताना मी गाइडना मेसेजही टाकला. मुंब्र्याच्या आसपास सहज फोनवर एक भागाकार करून पाहिला. बाकी उरली होती. ठाणं येईपर्यंत दुसरा मेसेज लिहीत होते.