मेंदू, प्राणवायू आणि फसलेली औषधे

एका शिक्षक-शिबिरात मधल्या सुट्टीत एक बाई कॅप्सूलचे पाकीट घेऊन माझ्याकडे आल्या. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या वडिलांना पहाटे अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात उचलेना, बोललेले कळेना. घरच्यांनी हाताला तेल चोळले, शेकले, जरा पडून राहू द्या म्हणाले, आणि दवाखान्यात नेईपर्यंत दुपार टळली. आता कोणा नातेवाइकाने ही पाकिटे आणून दिली होती. वर ठळक अक्षरांत ‘अँटिऑक्सिडंट’ असे छापलेले. “सर, याने हात सुधारेल का हो?”

या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते, पण त्यामागे शास्त्रज्ञांच्या चाळीस वर्षांच्या खटपटीची कथा आहे. ती आपण शिक्षकांनी माहीत करून घ्यावी अशी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्या मेंदूचे वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे वीस टक्के तो एकटा वापरतो. साठवण मात्र जवळजवळ नाही. रोजच्या रोज बाजार करून खाणाऱ्या घरासारखी त्याची स्थिती असते. मेंदूच्या एखाद्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की पुढच्या भागाचा पुरवठा तुटतो. बहुतेक झटके या प्रकारचे असतात. उरलेल्यांत रक्तवाहिनी फुटते. गुठळीच्या अगदी जवळच्या पेशी काही मिनिटांत मरतात. पण कडेच्या भागाला शेजारच्या वाहिन्यांतून थोडे रक्त मिळत राहते. तिथल्या पेशी काम थांबवतात, मात्र मरत नाहीत. ग्रहणाचा धडा शिकवताना आपण प्रच्छाया आणि उपच्छाया असे दोन शब्द सांगतो. मेंदूतज्ज्ञांनी या अर्धवट जिवंत पट्ट्याला उपच्छायेचेच नाव दिले आहे. ही उपच्छाया हळूहळू प्रच्छायेत जात असते. मोठी रक्तवाहिनी बंद झाली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी जातात, असा अंदाज जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली मांडला. सगळी उपचारपद्धती या पट्ट्याला वाचवण्यासाठी आहे.

साहजिकच वाटते की गुठळी विरघळवली, रक्त पुन्हा सुरू केले, की काम झाले. रक्त सुरू करायलाच हवे यात वाद नाही. पण इथे एक विचित्र गोष्ट घडते. उपाशी पेशीला अचानक ऑक्सिजन मिळाला की त्यातूनच नवी इजा होते.

याचे कारण ऑक्सिजनच्या स्वभावात आहे. पेशीतील तंतुकणिकांमध्ये इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे असे हातोहात दिले जातात आणि शेवटी ऑक्सिजन ते स्वीकारून पाणी तयार करतो. पुरवठा थांबला की ही साखळी तुंबते. मग ऑक्सिजन एकदम आला की काही रेणूंना वेळेआधीच एकेक इलेक्ट्रॉन चिकटतो आणि ‘सुपरऑक्साइड’ बनतो. ज्याच्याजवळ एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना आहे अशा कणाला मुक्त मूलक म्हणतात. सुपरऑक्साइडपासून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि त्यापासून लोहाच्या सान्निध्यात हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो. हा शेवटचा फार आक्रस्ताळा. समोर येईल त्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढतो, तो रेणू पुढच्याचा ओढतो, आणि पेशीच्या आवरणातील स्निग्ध पदार्थांत एक साखळी पेटते. मेंदूत असे स्निग्ध पदार्थ भरपूर असतात.

निरोगी पेशीकडे याचा बंदोबस्त असतो. सुपरऑक्साइडचा निकाल लावणारे विकर मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ साली शोधले. पुढे मॅककॉर्ड यांनीच १९८५ साली, रक्त परत आल्यावर होणाऱ्या इजेत मुक्त मूलकांचा वाटा कसा आहे, ते मांडले. मग पुढची कल्पना सरळ होती. ही साखळी तोडणारे द्रव्य, म्हणजेच ऑक्सिडीकरणविरोधी द्रव्य, बाहेरून दिले तर?

आपण वांगे चिरून लगेच पाण्यात टाकतो. हवेतला ऑक्सिजन आणि वांग्यातले विकर मिळून फोड काळी करतात; पाण्याखाली तो खेळ मंदावतो. लिंबू पिळले तर आणखीच. हे मुलांना करून दाखवता येते. मात्र आधीच काळी पडलेली फोड पाण्यात टाकून पुन्हा पांढरी होत नाही, हेही त्याच वेळी दाखवावे.

प्रयोगशाळेतील उंदरांवर ही द्रव्ये छान चालली. माणसांवर मात्र पहिलाच मोठा अनुभव कडू ठरला. टिरिलाझाड नावाच्या औषधाच्या सहा चाचण्यांचे निष्कर्ष २००० साली एकत्र तपासले तेव्हा, औषध घेतलेल्यांत मृत्यू किंवा परावलंबन उलट सुमारे एक पंचमांशाने वाढल्याचे दिसले.

नंतर आले एनएक्सवाय-०५९. मुक्त मूलकांना पकडून ठेवणारे हे द्रव्य. त्यावर अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीने ‘सेंट’ नावाच्या दोन चाचण्या केल्या. पहिलीत सुमारे १७०० रुग्ण. झटका आल्यापासून सहा तासांच्या आत औषध सुरू करून ७२ तास शिरेतून द्यायचे. कोणाला औषध आणि कोणाला नुसते द्रावण हे रुग्णाला किंवा डॉक्टरला ठाऊक नाही. निकाल २००६ च्या फेब्रुवारीत छापून आला: तीन महिन्यांनंतरचे परावलंबन औषधाने थोडे कमी झाले. निव्वळ योगायोगाने एवढा फरक पडण्याची शक्यता शंभरात चारपेक्षा कमी. सगळीकडे आनंद झाला. पण कंपनीने, आणि हे तिच्या श्रेयात मांडले पाहिजे, दुसरी चाचणी आणखी मोठी केली. ३३०६ रुग्ण. त्यात औषध आणि नुसते द्रावण यांत काहीच फरक सापडला नाही. औषध सोडून देण्यात आले.

हे असे कसे होते? वर्गात एक खेळ घ्या. चाळीस मुलांनी प्रत्येकी दहा वेळा नाणे उडवायचे. आठ किंवा अधिक वेळा छापा आणणारी दोनएक मुले साधारणपणे निघतात. मुले लगेच म्हणतील, त्यांच्या हातात कसब आहे. त्या दोघांनाच पुन्हा दहा वेळा उडवायला सांगा. आता लक्षात घ्या की झटक्यावर प्रयोग झालेली १०२६ द्रव्ये व उपचार २००६ साली मोजले गेले होते आणि त्यांपैकी ११४ माणसांवर वापरून झाले होते. इतकी नाणी उडाल्यावर काही छापे पडणारच.

पण सगळा दोष योगायोगाचा नाही. मॅल्कम मॅक्लिऑड आणि सहकाऱ्यांनी २००८ साली एनएक्सवाय-०५९ चे प्राण्यांवरचे प्रयोग पुन्हा उघडून पाहिले. ज्या प्रयोगांत प्राण्यांची वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी केलेली नव्हती, मोजणाऱ्याला कोणत्या उंदराला औषध दिले ते माहीत होते, तिथे औषधाचा गुण मोठा दिसत होता. काटेकोर प्रयोगांत तो पुष्कळ आटला. शिवाय उंदीर बहुधा तरुण आणि धडधाकट. माणूस साठी उलटलेला, रक्तदाब आणि मधुमेह असलेला. उंदराची वाहिनी शास्त्रज्ञ घड्याळ लावून बंद करतो आणि उघडतो. माणूस मात्र तेल चोळून घेऊन दुपारी येतो. आणि हे औषध रक्तातून मेंदूत नीट शिरतच नव्हते, ही बाब तर आधीच कळायला हवी होती.

सगळीकडे अंधार आहे असेही नाही. एडाराव्होन हे औषध जपानने २००१ साली झटक्यासाठी मान्य केले, पण त्यामागची चाचणी अवघ्या २५२ रुग्णांची होती. भारतातही ते मिळते. अमेरिकेने २०१७ साली ते मान्य केले, पण एका वेगळ्याच चेताविकारासाठी. चीनमध्ये त्यात डेक्सबॉर्निऑल मिसळून ११६५ रुग्णांची चाचणी झाली. २०२१ च्या अहवालानुसार मिश्रणाने ६७ टक्के आणि नुसत्या एडाराव्होनने ५९ टक्के रुग्ण जवळजवळ पूर्ववत झाले. नीट वाचले तर ध्यानात येईल की ही तुलना एडाराव्होनशीच आहे, त्यामुळे खुद्द एडाराव्होन किती उपयोगी हे त्यातून कळत नाही. असे आकडे वाचताना ‘कशाच्या तुलनेत?’ हे मी आधी शोधतो.

दुसरा उमेदवार तर घरचाच आहे. सांधे धरणारे युरिक आम्ल! ते रक्तातले एक मुख्य ऑक्सिडीकरणविरोधी द्रव्य आहे. स्पेनमध्ये ४११ रुग्णांना गुठळी विरघळवणाऱ्या औषधासोबत ते दिले. २०१४ च्या निकालात ३९ टक्के विरुद्ध ३३ टक्के असा फरक दिसला. एवढ्या संख्येत तो योगायोगही असू शकतो. मग अमेरिकेत सहा प्रयोगशाळांनी मिळून २६०० हून अधिक उंदीर-घुशींवर सहा उपचार तपासले. या वेळी चिठ्ठ्या टाकून वाटणी, मोजणारा अनभिज्ञ, म्हातारे आणि लठ्ठ प्राणीही घेतले, नर आणि मादी दोन्ही. २०२३ साली निकाल आला तेव्हा सहापैकी एकटे युरिक आम्ल कसोटीला उतरले होते. माणसांवरची मोठी कसोटी अजून बाकी आहे.

आता बाईंच्या पाकिटाकडे येऊ. त्यात मुख्यतः ई जीवनसत्त्व होते. दोन महिन्यांपूर्वी मेलेल्या पेशी त्याने परत येत नाहीत. हाताला जी सुधारणा होईल ती व्यायामोपचाराने, उरलेल्या मेंदूने नवे शिकून. ते निरुपद्रवी तरी आहे का? अनेक चाचण्या एकत्र करून २०१० साली काढलेल्या निष्कर्षात ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत गुठळीचे झटके दहा टक्क्यांनी कमी, पण रक्तस्रावाचे झटके बावीस टक्क्यांनी जास्त आढळले. बाईंचे वडील रक्त पातळ ठेवणारी गोळी आधीच घेत होते. पाकीट डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडू नका, असे मी त्यांना सांगितले.

मग त्यांनी विचारले, त्या पहाटे काय करायला हवे होते? तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे अडखळते, यांपैकी एकही दिसले तर घड्याळात पाहून वेळ लिहून ठेवायची आणि जिथे मेंदूचे स्कॅन होते अशा रुग्णालयात तडक न्यायचे. स्कॅन आधी, कारण गुठळी आहे की स्राव हे बाहेरून कळत नाही, आणि स्राव असेल तर गुठळीचे औषध जीव घेईल. ते औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देतात. मोठी गुठळी असेल तर तारेने ओढून काढण्याची सोय काही मोठ्या रुग्णालयांत आहे. बाईंनी हे सगळे वहीत उतरवून घेतले आणि त्यांच्या गावापासून असे रुग्णालय किती अंतरावर आहे याचा हिशेब तिथेच बसून केला. गाडी लगेच मिळाली तर पावणेदोन तास.